तीसपैकी सव्वीस गोळ्या: पाळीतला अतिरक्तस्राव आणि अर्धवट घेतलेली नॉरएथिस्टेरॉन

वय ४३, दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नैसर्गिक. वजन उंचीच्या मानाने थोडं जास्त, बीएमआय २७. धूम्रपान नाही, रक्तदाब नाही, अर्धशिशी नाही. तक्रार एका वाक्याची: "अंगावरून खूप जातंय आणि गोळ्या लागू पडत नाहीत." हे प्रकरण कुणा एका बाईचं नाही. नेहमी दिसणारे तपशील एकत्र करून ते मांडलं आहे. तक्रारीचा पहिला भाग खरा होता, दुसरा नव्हता. गोळ्या लागू पडत होत्या, दर वेळी. घोटाळा त्या कशा घेतल्या गेल्या यात होता.

पिशवीतून निघालेल्या पट्ट्या

तपासायला आल्या त्या दिवशी स्रावाचा ११वा दिवस होता. दिवसा दर दीड तासाने पॅड बदलावा लागत होता, रात्री दोनदा उठावं लागत होतं, नाण्याएवढ्या गाठी पडत होत्या. गेले सात महिने पाळीचं काही खरं नव्हतं: कधी २२ दिवसांनी, कधी ५० दिवसांनी, आणि आली की ९ ते १२ दिवस. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या २०१८च्या व्याख्येनुसार पाळीचं चक्र २४ ते ३८ दिवसांचं आणि स्राव ८ दिवसांपर्यंत असला तर तो नेहमीचा मानतात. इथे दोन्ही बाजूंनी रेषा ओलांडलेली होती.

साडेपाच आठवड्यांपूर्वी त्यांना स्राव थांबवणारी हार्मोनची गोळी, नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ, दिवसातून तीनदा, १० दिवस लिहून दिली होती. म्हणजे ३० गोळ्या, दहाच्या तीन पट्ट्या. त्या पट्ट्या सोबत आणल्या होत्या. दोन रिकाम्या, तिसरीत चार गोळ्या शिल्लक. ३० पैकी २६ पोटात गेलेल्या. कागदावर पाहिलं तर कोर्स जवळजवळ पूर्ण.

मग "कुठल्या दिवशी किती?" असं विचारत दिवस मांडले. पहिल्या दिवशी संध्याकाळी एक, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीन-तीन. तिसऱ्या दिवशी रात्री स्राव थांबला. चौथ्या दिवशी दोन घेतल्या आणि बंद केल्या, कारण "थांबलंच होतं, मग उगाच कशाला हार्मोन." सातव्या दिवशी पुन्हा सुरू. ती नेहमीची पाळी समजून पाच दिवस वाट पाहिली, मग बाराव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत तीन-तीन. थांबलं. गोळ्या बंद. सतराव्या दिवशी पुन्हा सुरू. तेविसाव्या ते सव्विसाव्या दिवसापर्यंत "जपून" दोन-दोन घेतल्या. या वेळी पूर्ण थांबलंच नाही, नुसते डाग लागत राहिले. एकोणतिसाव्या दिवशी धो धो. ९ अधिक ९ अधिक ८, झाल्या २६. पण सलग दहा दिवस एकदाही नाही.

मधल्या काळात घरात उरलेल्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या ५०० मिग्रॅच्या गोळ्याही सकाळ-संध्याकाळ एकेक घेतल्या होत्या. म्हणजे दिवसाला १ ग्रॅम. परिणामासाठी लागतात १ ग्रॅम तीनदा, दिवसाला ३ ग्रॅम. ही गोळी हार्मोनची नाही. रक्ताची गुठळी विरघळण्याची क्रिया ती रोखते, आणि योग्य मात्रेत स्राव साधारण निम्म्यापर्यंत आणते. तिसऱ्या हिश्श्याच्या मात्रेत फार काही होत नाही, तेच झालं.

गोळी थांबवली की का येतं

पाळीच्या पहिल्या भागात इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं. बीज सुटल्यावर अंडाशयात प्रोजेस्टेरॉन तयार होतं. ते या अस्तराची वाढ थांबवून त्याला पक्कं करतं. प्रोजेस्टेरॉन उतरलं की सगळं अस्तर एकदम सुटतं आणि पाळी आटोपशीर होते. चाळिशीनंतर अनेक चक्रांत बीज सुटतच नाही. इस्ट्रोजेन चालू, प्रोजेस्टेरॉन नाही. अस्तर वाढत जातं, पण पक्कं होत नाही, आणि मग आज इथून, उद्या तिथून तुकड्यातुकड्याने गळतं. पाळी आधी लांबणं आणि मग संपता न संपणं, हे याचंच रूप.

नॉरएथिस्टेरॉन बाहेरून प्रोजेस्टेरॉनचं काम करते. अस्तर धरून ठेवते, म्हणून २४ ते ७२ तासांत स्राव थांबतो. पण थांबणं हे निम्मं काम. आठवडा-दोन आठवडे सलग आधार मिळाला की अस्तर एकसारखं होतं, आणि गोळी सोडल्यावर २ ते ४ दिवसांनी ते एकदम उतरतं. तो स्राव अपेक्षित असतो. औषध फसल्याची ती खूण नव्हे. चौथ्या दिवशी गोळी सोडली तर आधार काढून घेतल्यासारखं होतं: अस्तर धड पक्कंही झालेलं नसतं आणि स्राव तर येणारच असतो. या बाईंनी महिना-दीड महिन्यात तीन वेळा स्वतःच्या हाताने पाळी आणवली होती, आणि दर वेळी ती आली की गोळीला नावं ठेवली होती.

यात दोष एकट्या त्यांचा नाही. चिठ्ठीवर "१-१-१ × १०" एवढंच होतं. संपल्यावर पुन्हा येईल, किती दिवसांनी, किती दिवस, हे कुणी सांगितलं नव्हतं. ते एक वाक्य चिठ्ठीवर असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

गोळी पुन्हा सुरू करण्याआधी

गोळी योग्य आहे हे ठरवायला आधी बाकीचं बाजूला सारावं लागतं. नाडी मिनिटाला ९६, रक्तदाब ११८/७६, उभं राहिल्यावर फारसा उतरला नाही. तासाला एक पॅड पूर्ण भिजणं सलग दोन तासांहून जास्त चाललं असतं, किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असती, तर बाह्यरुग्ण विभागात वेळ न घालवता दाखल करावं लागलं असतं.

गर्भचाचणी निगेटिव्ह. ही चाचणी वय, नियोजन, "शक्यच नाही" यांपैकी काहीही ऐकून सोडू नये. हिमोग्लोबिन ८.४, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन फक्त ६, प्लेटलेट व्यवस्थित, थायरॉइड व्यवस्थित. रक्त पातळ करणारं औषध नाही, कॉपर-टी नाही. पहिल्या पाळीपासूनच जास्त जात होतं का, दात काढल्यावर रक्त थांबेना असं झालं होतं का, हेही विचारलं. उत्तर हो असतं तर व्हॉन विलेब्रँड या रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराची तपासणी आली असती, आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागल्या असत्या. इथे तसं काही नव्हतं. गर्भाशयमुखावर काही नाही. तपासणीच्या वेळीच पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशींचा नमुना, घेतला.

सोनोग्राफीत मागच्या भिंतीत २ सेंमीची गाठ, फायब्रॉइड. अहवालात हा शब्द दिसला की सगळं खापर त्याच्यावर फुटतं आणि "पिशवी काढून टाका" हा सल्ला घरातूनच सुरू होतो. पण ही गाठ स्नायूंच्या आत होती, पोकळीला कुठेही ढकलत नव्हती. रक्तस्रावाला मुख्यतः कारण ठरतात त्या पोकळीत शिरलेल्या गाठी, फिगोच्या क्रमवारीत ० ते २ क्रमांकाच्या. हिची फक्त नोंद करून ठेवली.

अस्तराची जाडी १३ मिमी. पाळी चालू असलेल्या वयात हा आकडा एकटा घाबरण्यासारखा नाही, चक्राच्या उत्तरार्धात तो एवढा असतोच. लक्षात घ्यायचं ते वेगळंच: ११ दिवस रक्त जाऊनही १३ मिमी अस्तर उरलेलं आहे, म्हणजे ते नीट उतरलेलंच नाही.

बायोप्सी करायची का? पंचेचाळिशीनंतर असा स्राव असेल तर सहसा प्रश्नच नसतो. ४३व्या वर्षी वाद घालता येतो, पण अर्ध्या वर्षाहून जास्त अनियमित स्राव आणि आधीचा उपचार फसलेला (निदान तसं वाटलेला), एवढं पुरेसं आहे. बारीक नळीने, भूल न देता अस्तराचा तुकडा घेतला. ती नळी गोळीच्या आधी घालायची. प्रोजेस्टेरॉनखाली अस्तराचं रूप बदलतं आणि अहवाल वाचणाऱ्याचं काम अवघड होतं. आठवड्याने उत्तर आलं: अस्तर अव्यवस्थित वाढीच्या अवस्थेत, अतिवृद्धी नाही, पेशी बिघडलेल्या नाहीत. बीज न सुटल्याच्या निदानाशी जुळणारं.

मात्रा, वेळा आणि तीन कमी पडणाऱ्या गोळ्या

या वेळी १० नव्हे, २१ दिवस. हिमोग्लोबिन ८.४ असताना तीन आठवडे एक थेंबही न जाणं हाच मोठा फायदा. नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ, सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. जेवणाशी गाठ न बांधता घड्याळाशी बांधली, कारण या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण ८ तासांत निम्म्यावर येतं. सकाळ-दुपार-संध्याकाळ असं लिहिलं की माणसं ९, १ आणि ८ वाजता घेतात. मग रात्रीच्या गोळीपासून सकाळपर्यंत तेरा तासांचं भगदाड पडतं.

एकूण ६३ गोळ्या. दहाच्या सहा पट्ट्या आणल्या तर तीन कमी पडतात आणि शेवटचा दिवस चुकतो. म्हणून चिठ्ठीवर सात पट्ट्या लिहिल्या, शेजारी "२१ दिवस, ६३ गोळ्या, ७ उरतील". एक पट्टी कामाच्या पिशवीत, बाकीच्या घरी.

कुणी कुणी उतरत्या क्रमाने देतात: काही दिवस तीन, मग दोन, मग एक. त्यात औषधशास्त्राच्या दृष्टीने गैर काही नाही, पण अशा चिठ्ठ्या घरी नीट पाळल्या जातात असं सहसा दिसत नाही. उतरणीवर डाग लागले की बाई स्वतःच पुन्हा तीनवर जाते आणि हिशेब हरवतो. सरळ आकडा बरा.

गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, पुढची नेहमीच्या वेळी. एकदम दोन घ्यायच्या नाहीत. घेतल्याबरोबर उलटी झाली तर ती गोळी मोजायची नाही. फिटसाठी कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन, क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर आधी सांगायचं. ही औषधं नॉरएथिस्टेरॉन लवकर संपवून टाकतात. आणि अशा मात्रेत, अशा पद्धतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही. कंडोम चालूच.

ही गोळी कुणाला नाही, हे इथेच सांगायला हवं. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिग्रॅ घेतल्यावर हे प्रमाण कमी मात्रेच्या गर्भनिरोधक गोळीच्या घरात जातं. "यात इस्ट्रोजेन नाही, म्हणून सगळ्यांना चालते" हा समज त्यामुळे चुकीचा. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, डोळ्यांपुढे चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी असलेली, यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग झालेली बाई असेल तर ही गोळी नको. बीएमआय ३०च्या वर किंवा धूम्रपान असेल तर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ही प्रोजेस्टेरॉनचंच काम करणारी दुसरी गोळी बरी, तिचं असं रूपांतर होत नाही. पोटरी एकाच बाजूने सुजणं, अचानक धाप, छातीत दुखणं, अचानक प्रचंड डोकेदुखी किंवा दिसायला कमी होणं, डोळे पिवळे होणं: यांपैकी काहीही झालं तर गोळी बंद करून थेट रुग्णालय गाठायचं. ही यादी चिठ्ठीच्या मागे लिहून दिली.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड या टप्प्यात दिलं नाही. प्रकृती स्थिर होती, आणि दोन औषधं एकत्र देण्याची गरज नव्हती. ते गोळीनंतरच्या स्रावासाठी राखून ठेवलं.

लोह मात्र पहिल्या दिवसापासून. फेरस सल्फेट २०० मिग्रॅ, त्यात प्रत्यक्ष लोह ६५ मिग्रॅ, दिवसातून एकदा, रिकाम्या पोटी, चहा-कॉफी आणि कॅल्शियमपासून लांब. तीनदा घेऊन तिप्पट शोषलं जात नाही. एक मात्रा गेली की शरीरात हेप्सिडिन वाढतं आणि दिवसभर पुढच्या लोहाला दार बंद करतं. वाढते ती फक्त बद्धकोष्ठता. ८० मिली रक्तासोबत साधारण ४० मिग्रॅ लोह जातं आणि गोळीतलं थोडंसंच अंगी लागतं, यावरून भरपाईला महिने का लागतात ते कळेल. शौचाला काळं होतं हेही आधी सांगितलं, नाहीतर पाचव्या दिवशी त्यासाठी फोन येतो.

एकवीस दिवस आणि त्यानंतरचे सहा

पहिले दोन दिवस स्राव चालू, तिसऱ्या दिवशी नुसते डाग, चौथ्या दिवशी कोरडं. ७२ तासांनीही कमी झालं नसतं तर गोळ्या वाढवत नेण्यात अर्थ नव्हता. तेव्हा विचारायचं: खरंच आठ-आठ तासांनी घेतल्या का, उलट्या झाल्या का, दुसरं औषध चालू आहे का, आणि मग पोकळीत पॉलिप किंवा गाठ लपली आहे का ते दुर्बिणीतून पाहायचं.

नवव्या दिवशी फोन. डाग लागले. आदल्या दोन्ही दिवशी दुपारी २ची गोळी कामाच्या गडबडीत राहिली होती, पिशवीतली पट्टी घरीच राहिल्यामुळे. गोळ्या चालू असताना येणारा असा डाग बहुतेक वेळा चुकलेल्या मात्रेचा असतो. पट्टी पिशवीत परत गेली, फोनमध्ये गजर लागला, दोन दिवसांत डाग बंद.

शेवटच्या गोळीनंतर तिसऱ्या दिवशी पाळी आली. चिठ्ठीवर आधीच तारखा लिहून ठेवल्या होत्या: "या तीन दिवसांत येईल, ५ ते ७ दिवस राहील, पहिले दोन दिवस जास्त असेल. गोळी सुरू करायची नाही." तरीही फोन आलाच: "डॉक्टर, परत सुरू झालं." तारीख वाचून दाखवायला सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता, मग "हो, लिहिलंय खरं."

या स्रावात ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, चार दिवस: २४ गोळ्या. पॅडची नोंद गुणांनी ठेवायला शिकवलं. थोडा डाग लागलेला पॅड १, मध्यम ५, पूर्ण भिजलेला २०. छोटी गाठ १, मोठी ५. बेरीज १०० च्या आसपास गेली की साधारण ८० मिलीची रेषा आली असं समजतात. त्यांची बेरीज अशी: पूर्ण भिजलेले ३, म्हणजे ६०, मध्यम ७, म्हणजे ३५, हलके ८, छोट्या गाठी २. एकूण १०५. आधीच्या महिन्यांत दिवसाला बारा-बारा पॅड जात होते, त्या मानाने हा आकडा नगण्य. तरी सहाव्या दिवशी संपेपर्यंत त्यांचा विश्वास बसला नव्हता.

पुढचे महिने

स्राव सुरू झाला तो नव्या चक्राचा पहिला दिवस. पुढच्या तीन फेऱ्या पाचव्या ते सव्विसाव्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून २२ दिवस, ६६ गोळ्या. पाळीआधीचे सात-दहा दिवस गोळी देण्याची जुनी पद्धत अजून दिसते. बीज नियमित सुटणाऱ्या बाईला तिचा उपयोग होत नाही, कारण तिच्या शरीरात त्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन असतंच. बीज न सुटणाऱ्या बाईला महिन्यातून १२ ते १४ दिवस गोळी पुरू शकते, आणि पुढे तो पर्याय होताच. पण रक्त भरून येईपर्यंत लांबचा पल्ला सुरक्षित वाटला.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.९. दुसऱ्या पाळीची बेरीज ६९. दुसऱ्या फेरीत पोट फुगल्यासारखं, छाती जड, चिडचिड. हे प्रोजेस्टेरॉनचे नेहमीचे त्रास. रक्तदाब पाहिला, ठीक होता. पण "हे वर्षानुवर्षं नको" असं त्यांनी स्वतःच म्हटलं, आणि ते बरोबर होतं. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेलं ५२ मिग्रॅचं गर्भाशयातलं साधन पहिल्याच भेटीत सुचवलं होतं. जास्त स्रावावर औषधांमध्ये सर्वाधिक परिणामकारक तेच आहे: सुरुवातीला रोज २० मायक्रोग्रॅम हार्मोन थेट अस्तरावर, शरीरात नाममात्र. तेव्हा त्यांना आत काही बसवून घेण्याची भीती वाटत होती. चौथ्या महिन्यात, तिसऱ्या फेरीनंतरच्या पाळीत ते बसवलं. पहिले तीन ते सहा महिने अवेळी डाग लागतील हे कागदावर लिहून दिलं, या वेळी न विसरता.

तेव्हा हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन २१. आकडा १२ला टेकला तरी लोह आणखी तीन महिने चालू ठेवायचं होतं. हिमोग्लोबिन आधी भरतं, साठा नंतर.

हिशेबात २७ पट्ट्यांतल्या ९ गोळ्या उरल्या. त्या धाकट्या बहिणीला देऊ का, तिलाही तसंच जातंय, असं त्यांनी जाता जाता विचारलं. बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती. गोळ्या टाकून द्यायला सांगितल्या, आणि बहिणीला तिच्या जुन्या कागदांसह दुसऱ्या दिवशी बोलावलं.